साकोलीपर्यंत एकोणीस मिनिटं

भैय्यालालजी आमच्या एकोडीचे. जवाहरनगरच्या फॅक्टरीची बस त्यांनी एकतीस वर्षं चालवली, आणि साकोलीहून त्या बसने जाणाऱ्यांत मीही होतो. डिसेंबरात धुकं असं पडायचं की काचेपुढचं दिसत नसे. बाकीचे ड्रायव्हर गाडी कडेला लावत. हे मात्र घड्याळ समोर टांगायचे, बैलगाडीच्या वेगाने निघायचे आणि किती मिनिटांनी कोणतं वळण येणार ते मोजत जायचे. आम्ही जीव मुठीत धरून बसायचो, पण गाडी कधी रस्त्याखाली उतरली नाही.

आमचा जिल्हा फुटून दोन झाले तेव्हा बिरसीची धावपट्टी गोंदियाच्या वाट्याला गेली, याचा त्यांना भारी राग. नात कीर्ती तिथेच विमान चालवायला शिकू लागली, तेव्हा कुठे तो निवळला. मग चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नाही. बिरसी ते चंद्रपूरजवळचं मोरवा, सरळ रेषेत दोनशे चार किलोमीटर, छोट्या विमानाला एक तास सहा मिनिटं. साकोली एकोणिसाव्या मिनिटाला. आमची जनावरं सोडून सगळ्यांना हे पाठ झालं होतं.

आणि याच वाटेवर पोरगी चुकली. साकोलीवर येताच तिला खाली हायवे दिसला. लहानपणी आजोबांच्या केबिनमध्ये बसून त्याचं वळण न् वळण तिने ओळखीचं केलं होतं. ओळखीचा रस्ता दिसताच दिशा सुटली आणि ती त्याच्यामागे पश्चिमेला लाखनीकडे, फॅक्टरीच्या वाटेने गेली. मोरव्याला अकरा मिनिटं उशीर झाला. शेजारी बसलेल्या मास्तरांनी सांगितलं, आठ दिवसांनी पुन्हा पाहू. तेव्हाही चुकलीस तर एकटीने उडणं विसर.

कीर्ती घरी आली ती जेवलीच नाही. तिच्या आजीने, कौशल्याबाईंनी, नवऱ्यालाच धारेवर धरलं, की हा रस्ता पोरीच्या डोक्यात तुम्हीच भरला.  भैय्यालालजी नातीजवळ जाऊन बसले.

"बाई, थो रस्ता माहा हाये, तुहा नाही," ते म्हणाले. "मले धुक्यात रस्ता दिसे नाही, म्हून मी घड्याळ पाहो. तुले समदं दिसते, थेच वांधे झाले. तू खाली पाहूच नको."

आठ दिवस त्यांनी तिच्याकडून तेवढंच घोटून घेतलं.

ठरल्या दिवशी मी त्यांना मोटरसायकलवर साकोलीबाहेर हायवेच्या कडेला नेलं. विमान नऊला सुटणार होतं. नऊ अठराला आवाज आला. ईशान्येकडून पांढरा ठिपका मोठा होत आला. भैय्यालालजी घड्याळावरून नजर काढेनात. एकोणिसाव्या मिनिटाला विमान हायवेवर आलं. आता ते लाखनीकडे वळणार की नाही, एवढंच उरलं होतं.

ते वळलं नाही. हायवे ओलांडून सरळ नैऋत्येला गेलं.

तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण माणूस असा ताठ उभा होता की मलाच आपलं पोक जाणवलं. हायवेकडेच्या एका टपरीवरचे लोक धावत आले, काय झालं म्हणून विचारू लागले.

"सोडला," ते प्रत्येकाला सांगत होते, "पोरीनं माहा रस्ता सोडला."