हुमा वाचत न्हाई

खाजामियाँला घाबरलेलं औशात कुणी पाहिलं नव्हतं. कापूस पिंजायच्या मशीनपाशी जन्म गेलेल्या माणसाला घाबरवणार तरी कसं? त्या घरघरीत त्याला काही ऐकूच येत नसे. पण त्या सोमवारी वीज गेली, मशीन थांबलं आणि नेमका फोन वाजला. नातीच्या शाळेतल्या वर्षाराणी बाईंनी बोलून निरोप पाठवला होता.

“चाचा, हुमा वाचत न्हाई हो. मी माझ्याकडून सगळं करून बघितलं. आता घरच्यांनीच काय ते बघावं.”

खाजामियाँच्या हातातली गादी शिवायची सुई गळून पडली. मुलगा-सून कामाला लातूरला, पोर आजा-आजीच्या भरवशावर. तापातून उठून आजच तर शाळेत गेली होती.

“सुलतानबी! बाई म्हनती, पोरगी वाचत न्हाई!”

सुलतानबीनं जाग्यावरच हंबरडा फोडला. शेजारच्या बजरंग पानवाल्यानं काही न विचारता मोटारसायकल काढली. आमच्याकडं आधी रडून घ्यायचं, कशासाठी ते मागून विचारायचं.

खाजामियाँ शाळेच्या फाटकातून धावत शिरला तो डोक्यापासून भुवयांपर्यंत कापसानं पांढराफटक. पोरं “भूत! भूत!” करत पांगली. आणि मैदानाच्या मधोमध, वाचत नसलेली हुमा लंगडी घालून राहिली होती.

खाजामियाँ मटकन धुळीतच बसला.

“काय झालं चाचा?” बाई धावत आल्या.

“तुमीच म्हनलात ना, वाचत न्हाई!”

“मग? तिसरीत आली, एक ओळ वाचत न्हाई. अडखळली की पोरं हसतात, म्हणून तोंडच उघडत न्हाई. आता तर म्हणते, शाळाच नको.”

बजरंगनं आभाळाकडं बघितलं. “मियाँ, पोरगी ठणठणीत हाय. पण घरी भाभीला कळू द्या, तुमी काय वाचत न्हाई.”

बाईंनी हसू दाबत खाजामियाँचा फोन घेतला. “ह्याच्यात लेकरांची गोष्टीची पुस्तकं फुकट मिळतात. इथं मराठी दाबायचं. हसायचं न्हाई, चुका काढायच्या न्हाईत, नुसतं ऐकायचं.”

बोटासरशी पुस्तकांमागून पुस्तकं सरकत गेली. खाजामियाँचा आ वासलेलाच. “या अल्ला! एवढं सारं ह्याच्यात होतं, आन् मी वर्षभर म्हशींचे व्हिडिओ बघून राहिलो?”

संध्याकाळी अर्धवट भरलेल्या गादीवर आजा-नात बसले. कुणी हसत नाही म्हटल्यावर हुमाचं तोंड हळूहळू उघडलं.

“को-क-रू... वि-हि-रीत... पडलं.” इथं तिनं फोन खाली ठेवला. “बास दादा. पुढं लई आवघड हाय. तुमीच वाचा.”

“मला कुठं येतं गं? माझी शाळा उर्दूची.” खाजामियाँचा आवाज खरंच कापत होता. सकाळचा धसका अजून अंगातून गेला नव्हता. “आन् त्याला असं विहिरीत टाकून कुठं चाललीस? काय झालं त्याचं?”

एवढं मोठं माणूस कोकरासाठी घाबरलेलं बघून हुमा स्वतःचं घाबरणं विसरली. तिनं फोन उचलून अक्षरांखाली बोट धरलं. तव्यावरची भाकरी सोडून सुलतानबी दारात आली.

“को-क-रू... वा... वा-च... वाचलं!”

“वाचलं?”

“वाचलं, दादा!”

कोकरू वाचलं का हुमानं वाचलं, हे विचारायचं भान खाजामियाँला राहिलं नाही. आत भाकरी जळून राहिली होती, आणि सुलतानबी दारातूनच ओरडली, “थांबलीस काय? त्याची माय भेटली का न्हाई, ते वाच!”