जगनदादांची छपरातली खिडकी

आम्ही तिघं सुतार चहाला टेकलो की कामाची गोष्ट मागे राहते आणि किस्से पुढे येतात. त्यातले निम्मे तरी एकाच घरचे आहेत. तापीकाठचं जगनदादांचं घर. एका हॉटेलच्या छपरातून बाहेर आलेली खिडकी दादांनी पाहिली आणि तशीच आपल्या माळ्याला हवी म्हणून आम्हाला शहाद्याहून बोलावलं. लाकडी सांगाडा उभा करायचा, त्याला बाहेरून सागाच्या फळ्या मारायच्या. गावाने तिचं नाव आधीच 'कबुतरखाना' ठेवलं होतं.

* * *

पहिल्या दिवशी दादा म्हणाले, "याला डॉर्मर म्हणतात."

आमचे थोरले मिस्त्री भिलाभाऊ कानाने जरा मंद. विचार करून म्हणाले, "पन दादा, ते त दारशी टाकतस ना? छप्परवर कसाले?"

ते डोअरमॅट समजले होते.

* * *

फळ्या मारायला घेतल्या तेव्हा दादा खालून ओरडले, "वरून सुरू करा. पाहुण्यांना आधी वरचंच दिसतं."

भिलाभाऊ खालची फळी ठोकत होते. त्यावर दुसरीची कड चढवायची, त्यावर तिसरीची, म्हणजे पाणी बाहेरून ओघळून जातं. हे त्यांनी दोनदा समजावलं. दादा ऐकेनात. शेवटी भाऊ म्हणाले, "ठीक शे. मंग पावसाले सांगी द्या, खालथीन वर पड."

दादा आत निघून गेले. दोघांचं बोलणं बंद झालं.

* * *

त्यातच होळी आली. आमचा तिसरा गडी दमण्या सातपुड्यातल्या काठी गावाकडचा, तिथे होळी म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा सण. त्याला थांबवण्यात अर्थ नव्हता, तो गेला. नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस आला. अर्धा सांगाडा उघडा, घाईने टाकलेली ताडपत्री वारा उचलायला लागला. आत सगळा माळा भिजला असता. मी दोर शोधायला धावलो. परत येऊन पाहतो तर ताडपत्रीचं एक टोक भिलाभाऊंच्या हातात, दुसरं दादांच्या. दोघं चिंब.

बऱ्याच वेळाने दादा म्हणाले, "भिला, चहा पिस का?"

"पिसू. पन हात कोन सोडी?"

मग हिराभाभी, म्हणजे दादांच्या घरच्या, माळ्यावर आल्या आणि दोघांना आळीपाळीने बशीने चहा पाजला.

* * *

काम संपल्यावर पाण्याची परीक्षा. दमण्याला आत बसवलं. मी बाहेरून मोटारीचा पाइप फळ्यांवर सोडला.

भिलाभाऊंनी विचारलं, "पानी उनं का रे?" म्हणजे, आत पाणी आलं का.

आतून आवाज आला, "उनं."

भाऊंचा चेहरा उतरला. तसेच वर चढले, एक फळी उचकटली, दुसरी उचकटली. आत सगळं कोरडं ठणठणीत. खिडकीतून डोकावून पाहिलं, तर भाभींनी पाठवलेल्या तांब्यातून दमण्या निवांत पाणी पीत होता.

* * *

खिडकी कशाला, असं कोणी विचारलं की दादा सांगायचे, "वरून केळीवर लक्ष राहतं." केळीचा मळा घराच्या मागे. खिडकी पुढे, नदीकडे. सांगाडा बसवतानाच हे आमच्या लक्षात आलं होतं, पण दादांनी स्वतः उभं राहून तिचं तोंड फिरवून घेतलं होतं, म्हणून आम्ही बोललो नाही.

शेवटच्या दिवशी हिराभाभी पहिल्यांदा त्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. आम्ही सामान आवरत होतो. पलीकडच्या काठावर झाडांतून एक पाण्याची टाकी दिसत होती. दमण्याने सहज विचारलं, "भाभी, ते कोनतं गाव?"

"मन्हं मायेर," त्या म्हणाल्या आणि तशाच पाहत राहिल्या.

तेवढ्यात अंगणातून दादांनी हाक मारली, "काय वो, केळी दिसतस ना बराबर?"

भाभींनी नदीवरची नजर हलवली नाही.

"हा," त्या म्हणाल्या, "बेस दिसी ऱ्हायन्यात."