समुद्रावरची बंदी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला थोडं कळलं असावं — पण तिनं विचारलं नाही आणि मी बोललो नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पन्हाळ्याच्या पायथ्याशी आमचं गाव. म्हशींच्या दुधावर आईनं मला शिकवलं, हे मी भाषणांत नेहमी सांगतो. सरकारी कॉलेजात शिकवतो, भाषणं करावीच लागतात. त्या पावसाळी सहलीबद्दल मात्र — नाही, सरळच सांगतो.

नवी गाडी घेतली होती आणि आईनं समुद्र पाहिला नव्हता. वडील धारा काढायला घरी थांबले. मी, बायको, मुलगी आणि आई असे गगनबावड्याचा घाट उतरून देवगडकडं निघालो. पाऊस धो धो. आईच्या मांडीवर ओटीचं सामान — खण, नारळ, मूठभर तांदूळ. नवी नदी दिसली की तिची ओटी भरल्याशिवाय ती पुढं जात नाही. "आन् समुद्र म्हंजे तर समद्या नद्यांचं सासर," ती म्हणाली.

पहिल्याच किनाऱ्यावर ती उतरली आणि ओरडली, "आगं बया! ह्येला पल्याडचा काठच न्हाय की!"

पाण्याच्या कडेला एक जोडपं छत्री धरून फोटो काढत होतं. आई त्यांना म्हणाली, "पावणं, वाईच सरका की. ओटी भरायची हाय." ती दोघं एकमेकांकडं बघून हसली. वाईट हसली का? तेही मला सांगता येत नाही. मी त्यांना ओळखत नव्हतो, ती पुन्हा कधी भेटणार नव्हती. तरी माझे कान तापले.

आणि मी म्हणालो — हेच ते — "आई, पावसाळ्यात समुद्रात ओटी सोडायला बंदी हाय. पोलीस धरत्यात."

अशी कुठलीही बंदी नव्हती. फलकावर पोहायला मनाई होती, एवढंच.

तिनं झटकन सगळं पदराखाली घेतलं. "आन् तुझ्या नोकरीला काय झालं म्हंजे? चल, चल."

पुढच्या किनाऱ्यांवर ती गाडीतून उतरलीच नाही. मुलगी हात ओढायची, "आज्जी, चल की!" तर म्हणायची, "नगं बाळा. जवळ गेलं की ऱ्हावणार न्हाय मला. तुझ्या बापामागं नसतं लचांड." काच खाली करून, तोंडावर पाऊस घेत ती समुद्र बघत राहिली. हट्ट नाही, कुरकुर नाही. मी बोलायला तोंड उघडलं — आणि मिटलं. किती सोपं असतं ना मिटणं?

परतताना घाटातल्या धबधब्यापाशी तिनं गाडी थांबवायला लावली.

"ह्ये पाणी कुठं जातंय रं?"

"खाली. समुद्राला."

"हितं बंदी हाय?"

"न्हाय."

"मग ह्येच्यासंगं धाडूया. लेक सासरला निघालीच हाय, तिच्या वटीत घालून द्यायचं."

कुणी नाही म्हटलं की ती रुसत नाही. दुसरी वाट शोधते. माझं सगळं शिक्षण तिच्या या स्वभावातूनच झालंय. धबधब्याखाली पोरांचा घोळका नाचत होता. आई तशीच मोठ्यानं म्हणाली, "पावणं, सरका!" पोरं सरकली. एकानं तर डोक्यावरची टोपी काढली. भिजत, वाकून, कुणाचीही पर्वा न करता तिनं ओटी सोडली. इतकी देखणी ती मला कधी दिसली नव्हती. मी गाडीतच बसून होतो.

तेव्हापासून गावात ती सांगते — "आमच्या पोराला कायदा ठावं, म्हणून वाचलो."

परवा शेजारची नवी सून कोकणात निघाली होती. आई तिला म्हणाली, "पावसाळ्यात समुद्राची ओटी भरू नगंस बाई, बंदी असती. आमचा शिकल्याला हाय, इचार की त्याला."

सुनेनं माझ्याकडं पाहिलं.

मी होकारार्थी मान हलवली.