काचेमागची पुस्तकं

डांबरगोळ्यांचा वास आला की गेवराईच्या शाळेतलं माझं ग्रंथालय आठवतं. तिथं एका मुसलमान मेकॅनिकच्या नववीत शिकणाऱ्या मुलीनं मला विचारलं होतं, "मॅडम, इतिहासात आमच्यासारखी माणसं कावून न्हाईत?" मग मी खटपट करून मराठवाड्यातल्या मुसलमान कारागिरांवरची, बौद्ध वस्त्यांवरची पुस्तकं मागवली. मुख्याध्यापकांनी ती चाळली आणि काचेच्या कपाटात घालून कुलूप लावलं. म्हणाले, "परीक्षेत येतं का हे? उगीच वाद कशाला?" कपाट उघडावं म्हणून मी त्यांना तीन अर्ज दिले, एकाचंही उत्तर आलं नाही. मुलगी मात्र रोज मधल्या सुट्टीत यायची आणि काचेतून पुस्तकांची नावं वाचायची. एक दिवस म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मॅडम, नावं पाठ झालीत." त्या दिवशी कुलूप तोडायचं सोडून मी चौथा अर्ज लिहायला बसले, याची चीड अजून जात नाही.