जाळी की नळी

तलमडुगूचे अमृतराव आदिलाबादच्या बाजारात भाजी विकत. एकदा बायकोच्या, राहीबाईच्या, हातून टोपली निसटली आणि वांगी चिखलात गेली. "नीट धरता येत नाई काय वं?" ते गिऱ्हाइकांसमोर खेकसले. तिचं तोंड वाकडं झालं. ती रुसली असेल, असं समजून त्यांनी बाजार उठेपर्यंत तिला तसंच बसू दिलं.

राहीबाईच्या मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकली होती. रात्री तिला नागपूरला नेलं, तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, "तारेच्या जाळीत पकडून ओढू किंवा नळीनं शोषून घेऊ."

"चांगलं कोणतं?"

"दोन्ही जवळपास सारखेच. हातातून टोपली निसटली, तोंड वाकडं झालं, तेव्हाच आणायला हवं होतं."

अमृतरावांची मान खाली गेली.

नळीनं गुठळी निघाली, पण उजवा हात लुळाच राहिला. दुसऱ्या दिवशी राहीबाई अडखळत बोलली, "तुमी जेवले काय?"

अमृतरावांना तिच्याकडे पाहवलं नाही.