माणसं घालवणारे साहेब

हाताखालची माणसं घालवण्यात आमच्या साहेबांचा हात धरणारा शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत तरी सापडायचा नाही. मुरबाडच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. इतर साहेब कामाची माणसं बरणीतल्या लोणच्यासारखी घट्ट झाकून ठेवत. आमचे साहेब माणूस जरा तयार झाला की त्याच्या बढतीच्या मागे लागत. लग्नासाठी रजा मागितली तर कपाळाला आठ्या, पण कुणाची मुलाखत असली की रजेचा अर्ज स्वतःच लिहून स्वतःच मंजूर करत. मुलाखतीची तालीम जेवणाच्या सुट्टीत गोदामात व्हायची. साहेब उपड्या ड्रमवर बसत, गळ्यात एकुलता एक टाय. ‘तुमची कमजोरी काय?’ या प्रश्नाला एका हमालदादांनी घाबरून ‘गुडघा’ असं उत्तर दिलं. साहेबांनी ते गंभीरपणे टिपून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली आणून दिली.

मी वैशाखऱ्याहून तिथे मालाच्या चिठ्ठ्या लिहायला जात असे. चूक झाली तर साहेब ओरडत नसत. शेजारी चहा घेऊन बसत आणि तेच काम पुन्हा करायला लावत. चहा संपेपर्यंत चूक माझी मलाच सापडायची. त्यांच्याच हट्टाने मी नोकरी सांभाळून पदविका केली आणि त्यांनीच माझं नाव पुण्याच्या कचेरीसाठी सुचवलं. मी रडले, तर म्हणाले, "रडतेस कशाला गो? तिथं पंखे चांगले हायत." पेढे वाटले आणि मग दुपारभर कुणाला दिसले नाहीत. शिपाईमामा म्हणाले, कुणीही गेलं की साहेबांचं हे असंच असतं.

पुण्यात पगार वाढला, खुर्चीही मोठी आली. पण इथे चुकलं तर ईमेल येतो आणि बरोबर आलं तर काहीच येत नाही. डबा एकटीच खाते. गेल्या महिन्यात अगदीच राहवेना, म्हणून परत मुरबाडला बदली मागितली आणि साहेबांना फोन केला.

"जागा नाय गो," ते म्हणाले. "स्टोअर भरलंय."

मग पुढची परीक्षा कधी, जेवणखाण कसं, असं विचारत राहिले. फोन ठेवायला तयारच नव्हते.

शिपाईमामांकडून नंतर कळलं, माझी खुर्ची अजून रिकामीच आहे. स्टोअरमधल्या उरलेल्या दोघांनाही साहेबांनी दिवाळीनंतर बढतीवर पाठवून दिलं. सापगावच्या घरी ते एकटे असतातच, आता स्टोअरमध्येही एकटेच जेवतात.

चार दिवसांनी माझा अर्ज परत आला. त्यावर साहेबांच्या सुवाच्य अक्षरात ‘येथे आवश्यकता नाही’ असं लिहिलं होतं. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण साहेबांनी केलेली खोटी नोंद मी ही एकच पाहिली.