कानसेनची शांत गाडी

त्याचं खरं नाव ओळखपत्रावर होतं आणि तिथेच राहिलं. कारखान्यात सगळे त्याला कानसेन म्हणत. पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात, शेवटच्या तपासणीच्या खोलीत, सव्वीस वर्षं त्याला एकच काम होतं: ऐकणं. पंप चालू करायचा, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग धड असेल तर आतून एकसारखी घुमी, खोल गुणगुण, येते. पुढे मरणार असेल तर त्या घुमीच्या वर एक बारीक शीळ असते, केसाएवढी. शीळ आली की पंप परत. नाही आली की अंगावर हिरवा ठिपका, आणि पंप बाहेरच्या ट्रकमध्ये. तिथून ते उंच इमारतींत आग विझवायच्या नळांना लागत, हॉस्पिटलांत लागत. म्हणजे कुठेतरी चौदाव्या मजल्यावर वेळेला पाणी चढणार की नाही, हे ह्या एका माणसाच्या कानावर ठरत होतं. त्याला ह्याची जाणीव होती. घमेंडही होती, उगाच खोटं कशाला बोला.

घमेंडीला कारण होतं म्हणा. पाच वर्षांपूर्वी कारखान्यात एक तरुण इंजिनीयर बाई तपासणीची प्रमुख म्हणून आली आणि येताना थरथर मोजणारं यंत्र घेऊन आली. वरच्या साहेबांनी दोघांची शर्यत लावली. वीस पंप मांडले. यंत्राने तीन वाईट काढले, कानसेनने चार. चौथा उघडला तर आतल्या एका गोळीवर नखाएवढा चरा! बाईने जाहीर हात जोडले आणि यंत्र कपाटात गेलं. तेव्हापासून ती त्याला काका म्हणायची आणि त्याच्या शब्दापुढे जायची नाही.

दरवर्षी कारखान्याच्या आवारात एक गाडी यायची आणि सगळ्या कामगारांचे कान तपासून जायची. कानसेनला कोणी बोलावलं नाही, आणि तोही गेला नाही. कानसेनचे कान कोण तपासणार? हा विनोद दरवर्षी व्हायचा आणि दरवर्षी सगळे हसायचे.

आता त्याच्या गाडीबद्दल. चार वर्षांपूर्वी, मुलगी नोकरीला दुसऱ्या शहरात गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा त्याने एका डॉक्टरची वापरलेली गाडी घेतली. बाहेरून बघाल तर कोणी वळूनही पाहणार नाही अशी राखाडी, चार दारांची, सभ्य गाडी. आत तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. पाय नुसता ठेवला की गाडी सीटसकट माणसाला मागून उचलायची, आणि तेसुद्धा कसलंही आकांडतांडव न करता. त्याला वेग नको होता, ती ओढ हवी होती. चढावर चौथ्या गिअरमध्ये, इंजिन जेमतेम जागं असताना, पुढचा ट्रक गपकन मागे टाकायचा आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, ह्यात त्याला जे सुख होतं ते त्याने बायकोला तीनदा समजावलं. तिला तिन्ही वेळा समजलं नाही.

अशा गाडीला शहरातल्या शहरात ठेवून चालत नाही. धुराचा फिल्टर काजळीने भरतो. तो जळून साफ व्हायला गाडी तासभर मोठ्या रस्त्यावर पळवावी लागते. घर ते कारखाना अंतर तीन किलोमीटर. म्हणून दर रविवारी सकाळी तो गाडी घेऊन निघायचा. बायको शेजारी. ती औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायची, रविवारची सुट्टी तिलाही एकच. ‘‘लोक कुत्रा फिरवतात, आमच्याकडे गाडी फिरवतात,’’ असं ती शेजारणींना सांगायची, पण जायची.

एकच खोट होती. गार इंजिन सुरू केलं की पहिली दोन मिनिटं डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. डिझेलच ते, वाजणारच. पण कानसेनच्या कानाला ते सोसेना. तो हात धुऊन त्या आवाजाच्या मागे लागला. तेल बदललं, मग दुसऱ्या कंपनीचं घातलं. बॉनेटच्या आतून जाड फोम चिकटवला. दारांची रबरं नवी केली. मिस्त्रीचं डोकं खाल्लं. दोन वर्षं हेच. आणि मागच्या वर्षी मार्चच्या सुमाराला एका सकाळी किल्ली फिरवली, तर खिळे गायब! नुसती मऊ, खोल घुमी. तो बॉनेटवर हात ठेवून उभाच राहिला. त्या आठवड्यात त्याने अर्ध्या कारखान्याला गाडीत बसवून फिरवलं. ‘‘सांगितल्याशिवाय कळतं का डिझेल आहे म्हणून? सांगा बरं!’’ बसलेले लोक म्हणायचे, वा. फुकट फिरायला मिळाल्यावर माणूस आणखी काय म्हणणार?

खरी गोष्ट अशी की गाडी होती तशीच होती. कान चालले होते. वय झालं की आधी वरचे, बारीक आवाज जातात आणि खालची घुमी शाबूत राहते. दुसऱ्या कोणाला टीव्ही मोठा करावा लागला असता, दोन लोकांनी टोकलं असतं, समजलं असतं. ह्याला उलट बक्षीस मिळाल्यासारखं झालं. कान जितका जाई तितकी गाडी सुधारे, आणि रविवारी हा अधिकच खूष.

बायकोला कळलं होतं. काउंटरवर वीस वर्षं बसून तिला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती: जो माणूस प्रत्येक वाक्याला हो हो म्हणतो, त्याला ऐकू येत नसतं. मुलीचा फोन आला की तो हो हो म्हणायचा आणि नंतर ‘‘काय म्हणत होती?’’ असं विचारायचा. मोठ्या रस्त्यावर इंडिकेटर लागलेला तसाच ठेवून तो मैलच्या मैल जायचा. ‘‘अहो, इंडिकेटर.’’ ‘‘दिसतंय मला.’’ एकदा तिने सरळ सांगितलं, ‘‘एकदा कान दाखवून या.’’ त्याने गाडीचा वेग कमी केला आणि तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने त्याला आंघोळ कशी करायची ते शिकवलं. ‘‘माझे कान?’’ तो म्हणाला. त्यावर अर्धा तास कोणी बोललं नाही.

ह्या वर्षी पावसाळा संपता संपता पंप परत येऊ लागले. एक, मग दोन, मग एका आठवड्यात तीन. बेअरिंग जळालेली. सगळ्यांच्या अंगावर हिरवा ठिपका. इंजिनीयर बाई पंप घेऊन त्याच्या खोलीत आली. त्याने उघडलेलं बेअरिंग हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘मॅडम, माल खराब आहे. आमच्याकडून गेला तेव्हा आवाज साफ होता. बेअरिंगवाला हल्ली हलका माल देतोय.’’

तो खोटं बोलत नव्हता. त्याला आवाज साफच आला होता. आणि बाईने त्याचा शब्द उचलून धरला. बेअरिंगवाला गेली अकरा वर्षं माल देत होता, त्याच्या दुकानाचा निम्मा धंदा ह्या कारखान्यावर होता. तिने त्याला कडक पत्र पाठवलं, वर साहेबांना कळवलं आणि कानसेनला म्हणाली, ‘‘सोमवारी चार वाजता येतोय तो. माल बंद करायचा हे ठरलंय. तुम्ही शेजारी बसा काका. तुम्ही बोललात की त्याचं तोंड बंद होईल.’’

शनिवारी तो गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेला. स्टिअरिंगला हलकी थरथर लागत होती, चाकं बघून घ्यावीत म्हणून. मिस्त्रीने चाकांकडे पाहिलंसुद्धा नाही. बॉनेट उघडलं, हात पुसले आणि म्हणाला, ‘‘साहेब, तिसरा इंजेक्टर किती दिवस वाजतोय?’’

‘‘वाजतोय?’’

‘‘चेष्टा करता काय गरिबाची! तुम्ही गल्लीच्या तोंडाशी वळलात तेव्हाच ऐकला मी. टक टक टक टक.’’

कानसेनने त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला. डिझेल फवारणारे ते सहा इंजेक्टर. पहिल्यावर टोक, मूठ हाडावर. घुमी. दुसऱ्यावर. घुमी. तिसऱ्यावर. तीच घुमी. मग त्याने डाव्या हाताची दोन बोटं तिसऱ्यावर ठेवली. बोटांना ठोका लागत होता, स्पष्ट, दर फेरीला एक. कानाला काहीच नव्हतं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मिस्त्री आधी हसत होता, मग हसायचा थांबला.

‘‘पण गाडी तर शांत झाली होती,’’ कानसेन म्हणाला. ‘‘ते तेल घातल्यापासून.’’

मिस्त्रीने मान खाजवली. ‘‘आता बोलू का साहेब? ही टकटक नवी आहे, पण गार इंजिनाची खडखड पहिल्या दिवसापासून तशीच आहे. तुम्ही म्हणालात शांत झाली, मी म्हटलं असेल बुवा. गिऱ्हाईक खूष तर आपण कशाला खोडा घाला?’’

कानसेन घाबरला. गाडी तशीच घेऊन तो निघाला आणि पहिल्या सिग्नलला इंडिकेटर लावून बघितला. हिरवा बाण उघडझाप करत होता आणि आवाज कसलाच नव्हता. सिग्नल सुटला होता, मागचे लोक खोळंबले होते. आरशात त्यांचे हात दिसत होते.

घरी बायको भाजी निवडत होती. तो समोर बसला, तिचं तोंड दिसेल असा.

‘‘आपल्या गाडीचा इंडिकेटर वाजतो का गं?’’

‘‘वाजतो.’’

‘‘आणि इंजिन?’’

‘‘सकाळी तुम्ही खाली गाडी सुरू केलीत की मला इथे, चौथ्या मजल्यावर, ओट्यापाशी कळतं.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘बोलले की. तुम्ही माझ्याशी अर्धा तास बोलला नाहीत.’’ मग तिने पातेलं बाजूला सरकवलं. ‘‘आणि खरं सांगू? आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही कशावर तरी इतके खूष होतात. मला नाही मोडवलं ते. चुकलंच माझं.’’

पंप कुठे जातात हे तिलाही माहीत होतं.

रविवारी त्याने गाडी काढली नाही. दिवसभर खुर्चीत बसून त्याने हिशोब मांडला, आणि तो काही भला नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं. बोटं शाबूत होती. कान लावल्याचं दाखवून बोटांनी काम भागवता येईल. कपाटातलं यंत्र दुपारच्या सुट्टीत गुपचूप लावता येईल. कोणाला पत्ता लागला नसता. बेअरिंगवाला गेला तर दुसरं कोणी मिळेल त्याला गिऱ्हाईक. आणि कानसेन हे नाव जसंच्या तसं राहील. सव्वीस वर्षांत त्याने कमावलं होतं ते तेवढंच. ते गेलं तर तो कोण? हा प्रश्न त्याने स्वतःला खरोखर विचारला.

सोमवारी चार वाजता बेअरिंगवाला आला. टापटीप शर्ट, मांडीवर खोकं, खोक्यात नवी कोरी बेअरिंगं तेलकट कागदात गुंडाळलेली. तो बोलत होता तेव्हा त्याचे हात खोक्याच्या कडेवरून सारखे फिरत होते. बाई टेबलाच्या पलीकडून बोलत होती. कानसेनला दोघांचे ओठ दिसत होते, आणि अधूनमधून एखादा शब्द ऐकू येत होता. मग दोघंही त्याच्याकडे वळून थांबले. म्हणजे काहीतरी विचारलं होतं.

हो म्हणायला काही लागलं नसतं. सवय होतीच.

‘‘मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘माल चांगला आहे. माझे कान गेलेत.’’

बेअरिंगवाल्याचे हात थांबले. बाई हसली, म्हणजे हसू लागली, आणि त्याचा चेहरा बघून तिचं हसणं अर्ध्यावर राहिलं. ती उठून टेबलाला वळसा घालून आली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. ‘‘काका, काय बोलताय?’’

‘‘बारीक आवाज येतच नाही. शीळ येत नाही. तुमचं यंत्र काढा आणि बाहेर ट्रकमध्ये चढवलेत ते पंप आधी खाली उतरवा.’’

तिने काहीतरी विचारलं. त्याने कानामागे तळहात धरला. तिने पुन्हा विचारलं, मोठ्याने. ‘‘कधीपासून?’’

ह्या प्रश्नाचं उत्तर कोणाही बहिऱ्या माणसाला नेमकं देता येत नाही. त्याला देता आलं.

‘‘मागच्या वर्षीच्या मार्चपासून. मी तुम्हाला गाडीत बसवून फिरवलं होतं बघा, गाडी शांत झाली म्हणून. तेव्हापासून.’’

दीड वर्ष. बाईच्या डोक्यात आकडा होत असणार, आणि तो आकडा हजारांत होता, प्रत्येकावर एक हिरवा ठिपका. तिने रागावून बोलावं असं त्याला फार वाटत होतं. ती रागावली नाही. तिने कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत विचारलं, ‘‘कुठे कुठे गेलेत, आठवतं तुम्हाला?’’

त्याला सगळी ठिकाणं पाठ होती.

‘‘आधी हॉस्पिटलं लिहा,’’ तो म्हणाला.